पोचल्याचं पत्र

१९ ऑक्टोबर

प्रिय भावजी,

आला नाही. लागोपाठ तिसरं वर्ष.

तुमच्या कार्डाप्रमाणे तो तुमच्याकडून सत्तावीस ऑगस्टला निघाला. वाटेत कितीही रमतगमत आला तरी ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यात आमच्या मागच्या शिरीषावर हजर व्हायला हवा. मी एक तारखेपासून रोज सकाळी साडेसहा ते आठ मागच्या पायरीवर बसते आहे. शेजारीण कुंपणावरून रोज काहीतरी पुटपुटते आणि हसते. हल्ली सगळेच पुटपुटतात. टेलिफोन मी त्याच कारणासाठी काढून टाकला. पत्रात निदान माणसाला शब्द पुरा लिहावा लागतो.

आता कामाचं. पक्षी-नोंद केंद्राचं पत्र आलं आहे. तीस वर्षांच्या वरच्या जुन्या वह्या ते गोळा करताहेत आणि त्यांतल्या चांगल्या छापणार आहेत. त्यांना मी काय कळवलं ते खाली उतरवते, म्हणजे तुमचं आणि माझं बोलणं एक राहील.

"माझे यजमान आणि त्यांचे धाकटे बंधू यांनी एकतीस वर्षांपूर्वी ही नोंद सुरू केली. हिरवट पर्णवटवट्या हा अंगठ्याएवढा पक्षी हिवाळा आमच्याकडे काढतो आणि उन्हाळ्यात वर, माझे दीर राहतात त्या बाजूला जातो. एप्रिलमध्ये इथे त्याचा शेवटचा आवाज ऐकला की आम्ही 'निघाला' असं कार्ड टाकतो. तिथे पहिला आवाज ऐकला की दीर 'पोचला' असं कळवतात. ऑगस्टनंतर हेच उलट. पक्षी तोच असतो असा आमचा दावा नाही. यजमान अडीच वर्षांपूर्वी वारले, तेव्हापासून इथली वही मी ठेवते. हा पक्षी नुसता पाहून ओळखू नये. त्याच्यासारखे दिसणारे भाऊबंद बरेच आहेत. भुवईची फिकट रेघ, पंखावरची पुसट पट्टी, सगळं जवळपास तेच. शिवाय तो शेंड्याला पानाआड असतो आणि क्षणभर एका जागी ठरत नाही. खात्री आवाजाचीच. म्हणून आमचा नियम असा, की एका सकाळी दोनदा ऐकल्याशिवाय नोंद करायची नाही."

तुमचे बंधू असते तर त्यांनी पुसट पट्टीवर आणखी दीड पान लिहिलं असतं.

दोन्ही टोकांची नोंद असलेली अशी वही केंद्राकडे दुसरी नाही म्हणे. म्हणून त्यांना दोन्ही वह्या हव्या आहेत, माझी आणि तुमची. माझी तयार आहे. तुमची रजिस्टर पोस्टाने माझ्याकडे पाठवा. त्या माणसाने आयुष्यात बढती मागितली नाही, घर बांधलं नाही, त्याच्या नावावर असलीच तर ही एक वही आहे. ती छापून यावी एवढीच माझी इच्छा आहे.

तुमची,
वहिनी

२ नोव्हेंबर

ती. वहिनी,

सा. नमस्कार. पत्र पोचलं हे आधी सांगतो, नाहीतर तुम्ही पोस्टमनला जाब विचाराल.

सत्तावीस ऑगस्ट बरोबर आहे. सकाळी सहा चाळीसला मागच्या खिडकीतून दोनदा ऐकला. हवा ढगाळ, वारा नाही. ओढ्याकडच्या झाडीत, डाव्या हाताच्या तिसऱ्या झाडाच्या शेंड्यावर. त्यानंतर शांत.

घाई करू नका. दादांच्या वहीत एक वर्ष सात नोव्हेंबरचं आहे, आठवतं? दादा तेव्हा पायरीवर बसून सर्दीने आजारी पडले होते आणि तुम्ही त्यांना आणि पक्ष्याला एकाच दमात बोलला होता.

माझ्या वहीचं म्हणाल तर तिची पानं दमट झाली आहेत. शाई पसरली आहे. मी ती नीट उतरवून काढतो आणि मग पाठवतो. नकाशाच्या कचेरीत चौतीस वर्षं काढली, मळका कागद बाहेर द्यायला अजून हात धजत नाही. शिवाय कंबर धरली आहे, टेबलाशी फार वेळ बसवत नाही. थोडा वेळ लागेल.

तब्येतीला जपा.

तुमचा,
भावजी

११ नोव्हेंबर

प्रिय भावजी,

सात तारीख गेली. आला नाही.

उतरवून काढू नका. तुम्हाला कितीदा सांगायचं? अठ्ठावीस वर्षं मी लोकांचं रक्त तपासलं. नळीवर डाग पडला तर डागासकट ठेवायची, फुटली तर "फुटली" लिहायचं. स्वच्छ उतरवलेल्या कागदावर माझा कधीच विश्वास बसला नाही. आहे तशी पाठवा.

इथे मी स्वस्थ बसलेले नाही. तुमच्याकडून निघतो आणि माझ्याकडे पोचत नाही, याचा अर्थ एकच आहे. तो वाटेत मरतो. आमच्या रस्त्यावर तीन वर्षांपूर्वी पांढरे दिवे लावले, रात्रीचा दिवस केला. डासांसाठी महिन्यातून दोनदा धूर सोडतात, त्यात डास सोडून सगळं मरतं. नगरपालिकेला चार पत्रं गेली. पाचव्या वेळी मी स्वतः गेले. दिव्यांचा साहेब टेबलामागून ओठ हलवत बसला होता. दोनदा म्हटलं, जरा मोठ्याने बोला. तिसऱ्यांदा त्याने कागदावर लिहून दाखवलं, "बाई, ओरडू नका." ओरडत कोण होतं?

तर आता मी वर्तमानपत्राला लिहिते आहे. तुमच्या तीन वर्षांच्या तारखा एका बाजूला, माझी तीन वर्षांची रिकामी पानं दुसऱ्या बाजूला. इतका सरळ पुरावा मी प्रयोगशाळेतसुद्धा क्वचित पाहिला. खाली तुमचं नाव आणि हुद्दा घालते आहे, हरकत नसावी.

कलियुग म्हणतात ते उगीच नाही. अंगात कणकण वाटली म्हणून थर्मामीटर घेतला, तो वाजलाच नाही. बदलून आणला, तोही मुका. आज तिसरा परत केला. दुकानदार तोंडातल्या तोंडात बोलत राहिला. आताच्या वस्तूंना आवाज नाही आणि माणसांनाही नाही.

वही पाठवा.

वहिनी

२५ नोव्हेंबर

ती. वहिनी,

सा. नमस्कार. वर्तमानपत्राला अजून काही पाठवलं नसेल तर कृपा करून थांबा. पाठवलं असेल तर माझं नाव काढायला सांगा. कारण पुढे आहे. तुम्ही रागावणार हे धरून चाललोय, पण निदान पत्र संपेपर्यंत दम धरा.

तीन थर्मामीटर मुके निघत नाहीत. एखादा निघेल. शेजारीण पुटपुटते, साहेब पुटपुटतो, दुकानदार पुटपुटतो, टेलिफोन पुटपुटतो. तुम्हीच म्हणायच्या ना, की रोगी चार तक्रारी सांगतो आणि रक्त एकच सांगतं? मग ह्या चार तक्रारी की एकच?

आमच्या कचेरीतल्या जुन्या शिपायाचं असंच झालं होतं. माणसांचं जाड बोलणं अर्धंमुर्धं कळायचं, पण बारीक आवाज आधी गेले. घंटी, किटलीची शिट्टी, नातवाचं रडणं. त्याला वाटायचं, नातू गुणी आहे.

वटवट्याचा आवाज किती बारीक असतो ते तुम्हाला मी काय सांगू. तो शिरीषावर बसून रोज ओरडत असेल आणि तुम्ही खाली बसून नगरपालिकेला शिव्या देत असाल. असं असलं तर वाईट काहीच घडलेलं नाही, वहिनी. कोणी मेलेलं नाही. एकदा कानाच्या डॉक्टरकडे जाऊन या. तोवर तारखा कुठे छापू नका.

तुमचा,
भावजी

३ डिसेंबर

भावजी,

माझे कान शाबूत आहेत. शाळेत सिस्टरनी मला गाणाऱ्या मुलींत पुढे उभं केलं होतं ते माझ्या कानांमुळे, चेहऱ्यामुळे नव्हे.

ज्यांना स्वतःचं काम करायचं नसतं ते दुसऱ्याच्या अवयवांत खोट काढतात. सात शब्दांचं काम सांगितलं होतं, वही पाकिटात घालून पत्ता लिहून पोस्टात टाका. शब्द मोजत बसू नका, वही पाठवा. तुमच्या शिपायाची गोष्ट करमणुकीची होती. तिचा इथे संबंध नाही.

वहिनी

ता. क. चौथा थर्मामीटर घेतला. या वेळी दुकानदाराने माझ्यासमोर लावून दाखवला. म्हणाला, वाजला. दुकानात माझ्याखेरीज चार माणसं होती. चौघांनी माना डोलावल्या.

१६ डिसेंबर

प्रिय भावजी,

तुम्ही म्हणाला तेच खरं. हे वाक्य लिहायला मला तेरा दिवस लागले, तेव्हा एकदाच वाचा आणि विसरून जा.

काचेच्या कपाटासारख्या एका खोलीत मला बसवलं आणि कानांवर हेडफोन चढवले. बाहेर बसलेल्या बाईंनी सांगितलं, आवाज आला की बटण दाबा. सुरुवातीला जाड आवाज आले, दाबलं. मग बराच वेळ काही नाही. मी काचेवर टकटक करून म्हटलं, "तुमचं यंत्र बंद पडलंय." त्या उठून आत आल्या, फोन स्वतःच्या कानाला लावला, आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. माझ्या खांद्यावर कोणी हात ठेवलेला मला आवडत नाही. पण भावजी, मी तो काढला नाही.

नंतर कागदावरची रेघ दाखवली. तुम्ही नकाशेवाले, तुम्हाला पाहताक्षणी कळेल. डावीकडे पठार आणि उजवीकडे सरळ कडा. कड्याच्या पायथ्याशी जे बारीक आवाज असतात त्यांतलं मला काहीच येत नाही. मी विचारलं, किती वर्षांपासून? म्हणाल्या, हे हळूहळू होतं, पाच असतील, आठ असतील. पक्ष्यांचं विचारलं. म्हणाल्या, बारीक आवाजाचे पक्षी पहिल्यांदा जातात, आणि ते गेले हे माणसाला कळतसुद्धा नाही.

घरी आले, पायरीवर बसले, शिरीषाकडे पाहिलं. तीन वर्षांत इतकं बरं वाटलं नव्हतं. तो येतो आहे. आहे तिथेच. ठार बहिरी मी आहे. दिव्यांच्या साहेबाची माफी मागावी लागेल, ती मी जमेल तितक्या थोडक्यात मागेन.

वर्तमानपत्राचं पत्र मागे घेतलं. माझ्या वहीतली तीन रिकामी वर्षं मी खोडली आणि लिहिलं, "निरीक्षकास ऐकू येत नव्हते. नोंद ग्राह्य नाही." केंद्रालाही कळवलं. त्यांचं म्हणणं, हरकत नाही, एका टोकाची नोंद सलग असेल तर वही उभी राहते. म्हणजे आता सगळा भार तुमच्या वहीवर आहे. तो अजून येतो याला जगात एकच साक्षीदार उरला आहे आणि तो माझा दीर आहे, हे माझं नशीब थोर.

कानाचं यंत्र जानेवारीत मिळेल. दमट असो, पसरलेली असो, वही पाठवा.

तुमची,
वहिनी

४ जानेवारी

ती. वहिनी,

हे पत्र मी पाच वेळा लिहून फाडलं. आता जसं येईल तसं पाठवतो.

झाडी नाही. ओढ्याकडची सगळी झाडी तीन वर्षं होतील येत्या मार्चमध्ये, तोडली. अकरा दिवस चाललं होतं. ओढा नळांत घातला. माझ्या मागच्या खिडकीसमोर आता एका गोदामाची भिंत आहे, राखाडी, तिला खिडकीसुद्धा नाही. डाव्या हाताचं तिसरं झाड मी तुम्हाला लिहिलं, ते कुठे होतं हे दाखवता येईल असा एक दगडही तिथे उरलेला नाही.

तेव्हापासून मी वटवट्या ऐकलेला नाही. एकदाही नाही. तीन उन्हाळ्यांतली सहाच्या सहा कार्डं खोटी आहेत.

पहिलं कसं झालं ते सांगतो. झाडी पडली तेव्हा दादांची शेवटची दुखणी चालू होती. एप्रिलमध्ये तुमच्याकडून कार्ड आलं. "निघाला, १६ एप्रिल." अक्षर तुमचं, पण खाली सही दादांची, वाकडीतिकडी. त्याला मी काय लिहिणार होतो? "दादा, येऊ नको म्हणावं त्याला, इथे काही उरलं नाही"? मी लिहिलं, "पोचला, ९ मे." ते कार्ड दादांना मिळालं, त्यांनी उशीखाली ठेवलं, आणि दहा दिवसांनी ते गेले, हे तुम्हीच मला नंतर सांगितलंत. ऑगस्टमध्ये मी खरं लिहिणार होतो. पण तुम्ही एकट्या बसून वाट बघत होता. एक खोटं कार्ड गेलं होतं, दुसरं लिहिणं सोपं गेलं.

आमच्या कामात मोजलेले बिंदू थोडे असतात. दोन बिंदूंच्या उंच्या माहीत असल्या की मधली जमीन न पाहता रेघ काढायची. डोंगराच्या सगळ्या रेघा अशाच काढलेल्या असतात, वहिनी, प्रत्येक पायरीवर कोणी गेलेलं नसतं. मी अठ्ठावीस वर्षांच्या तारखा समोर ठेवल्या आणि पुढच्या काढल्या. एखादा दिवस पुढे, एखादा मागे. ढगाळ हवा आणि वारा मी मनाने घातला.

आणखी एक, म्हणजे सगळंच सांगून होईल. तुम्हाला ऐकू येत नाही हे मला दोन वर्षांपूर्वीच कळलं होतं, तुम्ही टेलिफोन काढलात तेव्हा. तेव्हा बोललो नाही. नोव्हेंबरमध्ये बोललो, कारण तुम्ही माझ्या तारखा छापणार होता. कान तपासा हे मी तुमच्यासाठी लिहिलं नव्हतं. माझ्या वहीवरून तुमची नजर हटावी म्हणून लिहिलं होतं.

वही सोबत पाठवतो आहे. ती दमट कधीच नव्हती.

काय वाटेल ते बोला. पण बोला.

भावजी

९ फेब्रुवारी

भावजी,

तुमचं पत्र अकरा जानेवारीला मिळालं. यंत्र बारा तारखेला मिळालं. महिनाभर लिहिलं नाही, कारण लिहिलं असतं तर सिस्टरनी शिकवलेलं सगळं वाया गेलं असतं.

आमच्या प्रयोगशाळेत एक मुलगा होता. कंटाळा आला की तो रक्ताची नळी यंत्रात न फिरवताच आकडा लिहायचा, कालच्याच्या जवळपासचा. त्याचे आकडे फार सुबक असत. मी स्वतः त्याला साहेबांपुढे उभं केलं आणि त्याची नोकरी घालवली. त्याच्या आईने दारात येऊन हात जोडले होते, तरी मी मागे हटले नाही. तुमचं पत्र वाचून तो मला इतक्या वर्षांनी आठवला.

तुमच्या वहीत सहा नोंदींपुढे मी लाल पेन्सिलीने लिहिलं, "नमुना न घेता निकाल लिहिला." याहून कडक वाक्य माझ्याकडे नाही.

यंत्राचं सांगते. पहिल्या दिवशी मला माझ्याच चपला ऐकू आल्या. मग वर्तमानपत्राचं पान. मग फ्रीज, तो सारखा कण्हत असतो हे मला माहीतच नव्हतं. थर्मामीटर वाजतो. चारी वाजत असणार. शेजारीण पुटपुटत नाही, चांगली खणखणीत बोलते. तीन वर्षं ती रोज सकाळी कुंपणावरून एकच वाक्य म्हणत होती. "तुमचे मिस्टर अगदी अस्सेच बसायचे." मी तिला तीन वर्षं उत्तर दिलं नव्हतं.

तेरा जानेवारीपासून काल आठ फेब्रुवारीपर्यंत सत्तावीस सकाळी मी पायरीवर बसले. बुलबुल ऐकले, शिंपी ऐकला, खारीची चिडचिड ऐकली. वटवट्या नाही. बहिरी होते तेव्हा निदान बहिरी असल्याचा आधार होता. आता सगळं ऐकू येतं, आणि शिरीष गप्प आहे.

एकतीस जानेवारीला सात वाजून वीस मिनिटांनी एकदा ऐकल्यासारखं वाटलं. शेंड्याकडून, बारीक, तुटक, शेवटी वर चढणारा. मी अकरा वाजेपर्यंत तिथून हलले नाही. दुसऱ्यांदा आला नाही. या यंत्राला मधूनच आपणहून शिट्टी येते, मान वळवली की येते. मी मान वळवली होती का ते मला आठवत नाही. एकदा म्हणजे नियमाप्रमाणे शून्य. नोंद केलेली नाही.

आता जे लिहिणार आहे ते लिहायचं नव्हतं. पण तुम्ही सगळं सांगितलंत, आणि मी फक्त तुमचंच पान लाल करून ठेवलं तर मी कसली प्रयोगशाळेतली बाई.

सोळा एप्रिलचं ते कार्ड. त्या सकाळी तुमच्या भावाला उठवत नव्हतं. खिडकीपाशी पलंग ओढून घेतला होता. सहाच्या सुमाराला त्यांनी माझं मनगट धरलं आणि म्हणाले, "ऐकलंस? दोनदा. जातोय तो." मला काहीच ऐकू आलं नव्हतं. मला वाटलं, ताप आहे, भास होतो आहे. मी म्हटलं, "हो, ऐकलं." मग ते म्हणाले, "तूही ऐकलंस ना, मग लिही." मी वही आणली, तारीख लिहिली, तुम्हाला कार्ड लिहिलं, आणि त्यांच्या हातात पेन दिलं.

तेव्हा मी मरणाऱ्या माणसाला बरं वाटावं म्हणून खोटं बोलले असं धरून चालले होते, आणि त्याचं मला फारसं वाईटही वाटलं नव्हतं. आता त्या कागदावरचा कडा पाहिल्यावर कळतं, की कदाचित तो खरंच ओरडला असेल, दोनदा, आणि त्यांनी खरंच ऐकला असेल, आणि त्या खोलीत बहिरी मी होते. कदाचित भासही असेल. ठरवायला आता कोणी नाही. म्हणजे मी "हो" म्हटलं आणि तुम्ही "पोचला" म्हटलं, आणि त्या दोन शब्दांच्या मधून तो माणूस गेला.

त्या नोंदीपुढेही मी तेच वाक्य लिहिलं आहे. त्याच लाल पेन्सिलीने. निरीक्षक म्हणून नाव माझं आहे.

दोन्ही वह्या केंद्राला पाठवल्या. काल छापील चिठ्ठी आली. नोंदींची विश्वासार्हता पाहता वही या संग्रहात घेता येत नाही, सहकार्याबद्दल आभार. त्यांचं बरोबर आहे. मी त्यांच्या जागी असते तर आभारसुद्धा मानले नसते.

तुम्हाला माफ केलं असं समजू नका. ते मला येत नाही. शाळेत त्यासाठी वेगळे फादर यायचे.

पण कार्डं थांबवायची नाहीत. तुम्हाला मुलंबाळं नाहीत, मला दुसरं कोणी लिहीत नाही, हे काही कारण नाही. कारण असं, की "नाही" हीसुद्धा नोंद असते. फक्त ती जागेवर जाऊन करायची. खिडकीतून नव्हे आणि मनातून नव्हे. तुमची कंबर चालत असेल तर मे महिन्यात त्या भिंतीपाशी उभे राहा, आठ वाजेपर्यंत. आणि मग काय ते लिहा.

वहिनी

१६ एप्रिल

भावजी,

तेरा जानेवारीपासून आजपर्यंत ऐकला नाही. आजही नाही. इथून कोणी निघालं नाही, तेव्हा तुमच्याकडे कोणी यायचं नाही. तरी उभे राहा.

वहिनी

२३ मे

ती. वहिनी,

सा. नमस्कार. एक मेपासून आजपर्यंत रोज गेलो. पोचला नाही.

गोदामाचा पहारेकरी मला आता ओळखतो. पहिल्या दिवशी त्याने हटकलं, काय काम आहे? मी म्हटलं, काही नाही, एका पाहुण्याची वाट बघतोय. त्याने त्याच्या वहीत माझं नाव लिहून घेतलं आणि कामाच्या रकान्यात रेघ मारली. रोज लिहितो, मी आलो ती वेळ आणि गेलो ती वेळ. आज बघितली त्याची वही. आलो पाच पन्नास, गेलो आठ दहा. तेवीस दिवस, एकही वेळ चुकलेली नाही.

ती वही खरी आहे, वहिनी.

भावजी